पाच बॉक्स पाठ, पण गाणं वाजेना

पत्र

मी ३१ वर्षांचा आहे. सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. दीड वर्षापूर्वी अकूस्टिक गिटार घेतली. काही महिने कॉलेज रोडला क्लास लावला होता, शिफ्टमुळे तो सुटला. तेव्हापासून मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतोय. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे पाचही बॉक्स, म्हणजे गिटारच्या मानेवर बोटं ठेवायच्या पाच आकृत्या, पाठ आहेत. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावून न चुकता वर-खाली जातो.

मागच्या महिन्यात पंचवटीत आत्याकडे भजन होतं. ती म्हणाली, "आण रे तुझी गिटार, जरा साथ कर." पेटीवाल्या काकांनी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा म्हणून धरली आणि मी शेवटपर्यंत नुसता बसून राहिलो. एक ओळसुद्धा सापडली नाही. आत्याच्या गाण्याच्या परीक्षा झाल्या आहेत, प्रवेशिका पूर्ण. ती म्हणते, "आधी सरगम शीक, मग तुझे ते बॉक्सबिक्स." व्हिडिओवाले म्हणतात, आता सात मोड्स (एकाच स्केलच्या सात सुरांवरून निघणाऱ्या सात स्केल) शिका. मी पुढची स्केल कुठली घेऊ? रोज किती तास बसू? की सरळ रागच शिकायला लागू? डावं मनगट आणि करंगळी दुखते, त्याचं काय करू? आणि इलेक्ट्रिक गिटार घेतली तर फरक पडेल का?

– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

पुढची स्केल कुठलीच घेऊ नका. निदान दोन-तीन महिने तरी नाही.

बोटांची चिंता मिटलेली आहे. १२० च्या लयीत पाच बॉक्स न अडखळता वाजवायचे तर बसावं लागतं, आणि शिफ्ट सांभाळून तुम्ही बसलाय हे दिसतंय. अडलंय ते दुसरीकडे. तीसपर्यंत पाढे घडाघडा येतात, पण भाजीवाल्यापुढे पावणेदोन किलोचा हिशेब मांडता येत नाही, तशी ही गत आहे. बॉक्स बोटांना पाठ झालाय, कानाला त्याचा पत्ताच नाही.

खरं वाटत नसेल तर आत्ता गिटार हातात घ्या. सहाव्या तारेचा, म्हणजे सगळ्यांत जाड तारेचा, पाचवा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेलं पाचवं घर) वाजवा. पुढचा सूर आठव्या फ्रेटवर आहे हे तुमच्या करंगळीला माहीत आहे. तिला थांबवा. तो सूर आधी तोंडाने म्हणा आणि मगच वाजवा. जुळला? मग त्याच्या पुढचा. आवाज चांगला नसला तरी चालेल, गुणगुणलं तरी चालेल, पण सूर आधी तोंडात आणि मग तारेवर. बहुतेकांची गाडी पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या सुराला अडते. भजनात तुमची जी अडली ती हीच. पुढचा सूर कुठला येणार हे ज्याला आतून ऐकू येत नाही, त्याला पेटीने काळी चार धरली काय आणि पांढरी एक धरली काय, सारखंच.

आता आत्याकडे वळू. तिचं म्हणणं बरोबर आहे, फक्त "मग" हा शब्द काढून टाका. सरगम आधी आणि बॉक्स नंतर असं काही नाही, सरगम तुमच्या बॉक्समध्येच बसलेली आहे. कशी ते जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या पत्राचं निम्मं उत्तर त्यात आहे.

ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये सूर पाचच: ए, सी, डी, ई, जी. पाचव्या फ्रेटवरचा तुमचा पहिला बॉक्स म्हणजे हेच पाच सूर सहा तारांवर पसरलेले. तुम्ही दर वेळी सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरून, ए वरून निघता. आज तिथून निघू नका. त्याच तारेच्या आठव्या फ्रेटवर करंगळी ठेवा. तो सी. त्याला सा म्हणा. पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट रे, सातवा ग. चौथ्या तारेचा पाचवा प, सातवा ध. तिसऱ्या तारेचा पाचवा म्हणजे वरचा सा. सा रे ग प ध सां. सावकाश वाजवा, म्हणत वाजवा, मग तसेच खाली या. आत्यासमोर वाजवलंत तर ती पंचमावर पोचायच्या आत "अरे, हा तर भूप!" म्हणेल. भूप राग याच पाच सुरांचा.

एकही फ्रेट बदललेला नाही, बोटंही तीच. बदलला तो सा.

अजून पुढे जा. हेच पाच सूर, पण पाचवी तार मोकळी छेडून तिच्या ए ला सा धरा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि: हे धानी रागाचे सूर. चौथी तार मोकळी छेडून डी ला सा धरा: सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे मेघ किंवा मधमाद सारंगाचे सूर. तिसरी तार मोकळी, जी ला सा: सा रे म प ध, दुर्गा. आणि सहावी मोकळी तार, ई ला सा: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. हा मालकंस. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोरा पंचमाऐवजी मध्यमात लावतात. आता तुमच्या गिटारच्या सहाव्या आणि पाचव्या मोकळ्या तारा बघा. ई आणि ए, म्हणजे नेमके सा आणि म. पैसे न मोजता तंबोरा मिळालाय, अंगठ्याने तो छेडत राहा आणि वरच्या चार तारांवर फिरा.

सा सरकवून एकाच स्वरसमूहातून वेगवेगळे स्वरसमूह काढण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. व्हिडिओत पाच बॉक्स एकेक करून पाठ करायला सांगतात, पण सा सरकला की त्यांची चव बदलते, हे कुणी सांगत नाही. म्हणून पाच बॉक्स झाले तरी तुमच्या कानाला एकच चव माहीत आहे. या महिन्यात फक्त हे करा: एक बॉक्स, पाच सा. एका दिवशी एकच सा. तो ऐकू येत राहिला पाहिजे, मोकळ्या तारेने किंवा मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या ॲपने. सी ची मोकळी तार गिटारवर नसते, म्हणून भूपासाठी ॲपच लावा.

ॲपवर तंबोरा लावून भूप वाजवताना गंधार किंचित चढा लागतोय असं कदाचित वाटेल. लगेच ट्युनिंगच्या खुंट्या पिळायला जाऊ नका. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर दर फ्रेटला १०० येतात, म्हणून तुमचा शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर पडतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप घुमतो तो साधारण ३८६ वर असतो. मधले १४ सेंट तुम्हाला टोचायला लागले तर खुशाल पेढे वाटा, कान जागा झालाय. पेटीवाल्या काकांच्या पेटीचंही हेच दुखणं आहे, त्यामुळे भजनात तुमचं आणि त्यांचं भांडण होणार नाही.

एवढ्यावर मित्रांना "मी मालकंस वाजवतो" असं मात्र सांगू नका. सूर जमले म्हणजे राग जमला असं नसतं. भूप आणि देशकार, दोघांचे पाच सूर अगदी तेच. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर आणि चाल सगळी वरच्या अंगाची. हे बॉक्सच्या आकृतीत कुठेच दिसत नाही, कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. शिवाय रागातला मोठा भाग मींडेचा, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याचा. फ्रेटवाल्या गिटारवर तार ओढून त्यातलं थोडं साधतं, फार नाही. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि डाव्या हातात धातूचा गज धरून तारेवर सरकवला, तो याचसाठी. तो वेगळा मार्ग आहे, त्याला वेगळं वाद्य आणि गुरू लागतो. तुम्हाला आत्याच्या भजनाला साथ करायची आहे. तेवढ्यासाठी रागाची शिस्त नको, रागाचे सूर ओळखता आले की पुरे.

आता चाल कशी शोधायची. इथे बॉक्स महिनाभर विसरा आणि एकाच तारेवर या. चौथी तार घ्या. मोकळी तार सा (पेटीवरची पांढरी दोन, बऱ्याच पुरुषांच्या गळ्याला सोयीची). दुसरा फ्रेट रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नि, बारावा वरचा सा. मध्ये-मध्ये पाचवी तार मोकळी छेडा, ती खालचा पंचम देईल. असं वाजवून बघितलं की जे बॉक्समध्ये कधी दिसलं नसतं ते नजरेला दिसतं: ग आणि म शेजारी-शेजारी, नि आणि वरचा सा शेजारी-शेजारी, बाकी सगळीकडे मध्ये एक फ्रेट सोडलेला. मेजर स्केल म्हणजे एवढंच. बॉक्समध्ये हीच अंतरं तारा ओलांडताना लपतात. त्यात गिटारची एक खोड आहे. लगतच्या दोन तारांत पाच फ्रेटचं अंतर असतं, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चारचं. म्हणून प्रत्येक आकृती दुसऱ्या तारेवर आली की एक फ्रेट पुढे सरकते, आणि शिकणारा आकृती पाठ करत बसतो.

एका तारेवर घरची आरती काढा. लहानपणापासून म्हणताय ती, कुठलीही. पहिली ओळ तोंडाने म्हणा आणि ओळ जिथे विसावते तो सूर धरून ठेवा. तो बहुधा सा असतो. मग बाकीचे सूर एकेक करून शोधा. चुकतील. चुकलेला सूर उंच लागला की खाली हे ओळखा आणि त्या दिशेने सरका, परत सुरुवातीपासून आकृती म्हणत बसू नका. पहिली ओळ काढायला अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या, दुसऱ्या चालीला वेळ कमी लागतो. लोकगीतं, बडबडगीतं, आरत्या, हरिपाठ, यांतलं बरंचसं पाच-सहा सुरांतच फिरतं. त्यामुळे अडचण सुरांच्या संख्येची नसतेच. एक चाल एका तारेवर बसली की मग ती तीन तारांवर न्या. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा: तिसरा, पाचवा, चौथ्या तारेवर दुसरा, तिसरा, पाचवा, तिसऱ्या तारेवर दुसरा, चौथा, पाचवा. सी मेजरचं एक सप्तक झालं. आता हा आकार तुम्हाला पाठ करावा लागणार नाही, कारण त्यातून तुमच्या घरची आरती निघते.

मोड्सचं थोडक्यात सांगतो. त्या सात नावांना घाबरू नका आणि भुलूही नका. चौथ्या तारेवरच राहा, सा तोच ठेवा. अकराव्या फ्रेटचा नि एक फ्रेट खाली, दहाव्यावर आणा: खमाज थाट (थाट म्हणजे रागांची सात सुरांची चौकट), पाश्चात्त्य संगीतात त्याला मिक्सोलिडियन म्हणतात. नि परत जागेवर ठेवून म एक फ्रेट वर, सहाव्यावर न्या: कल्याण थाट, म्हणजे लिडियन. म परत पाचव्यावर आणून ग आणि नि दोन्ही कोमल केले की काफी, डोरियन. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा या मोड्सशी तंतोतंत जुळतात: बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी आणि भैरवी. सातव्या मोडमध्ये, लोक्रियनमध्ये, शुद्ध पंचमच नाही, म्हणून त्याला आपल्याकडे थाट नाही. आणि भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चार त्या सातांत कुठेच बसत नाहीत. आत्याने हे सूर लहानपणापासून ऐकलेत. तिला फ्रेट दाखवा, ती तुम्हाला नावं सांगेल. मोड्स शिकवणाऱ्या व्हिडिओंत एक गोम असते: सी मेजर डी पासून वाजवा म्हणजे डोरियन झाला, असं सांगतात. कागदावर बरोबर आहे, पण खाली डी वाजत नसेल तर कान त्याला सी मेजरच समजतो. सा हलवायचा असेल तर तो ऐकवत हलवा. नाहीतर तो एका जागी ठेवा आणि सूर हलवा.

पलट्यांबद्दल, म्हणजे ठरावीक क्रमाने फिरवायच्या सुरांच्या तुकड्यांबद्दल, आत्याला विचाराच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे ते नाशिकला येऊन राहिले, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले. अलंकार, पलटे, टप्प्याटप्प्याने परीक्षा हा जो रस्ता आत्याने चालला आहे तो त्या परंपरेतला आहे आणि गिटारला जशाच्या तसा चालतो. सारेग, रेगम, गमप, मपध. मग सारेगम, रेगमप. मग एक सूर गाळून: साग, रेम, गप, मध. बॉक्स सरळ वर-खाली वाजवताना बोटं पुढचा सूर न विचारता टाकतात. साग रेम वाजवायला घेतलं की पहिल्या दिवशी बोटं गोंधळतात, आणि तो गोंधळच कामाचा. तिथे तुम्हाला विचारावं लागतं, आता कुठला?

आणि मेट्रोनोम १२० वरून खाली आणा. ६० ला लावा, एका ठोक्याला दोन सूर. वेगाचा हट्ट मला कधी पटला नाही. संथ लयीत स्वच्छ वाजवणारा हळूहळू वेगात येतोच, उलटा प्रवास मात्र फार कमी जणांचा होतो. त्याहून बरं म्हणजे मेट्रोनोमची टकटक बंद करून तबल्याच्या ॲपवर भजनी ठेका लावा, ८ मात्रांचा. दर मात्रेला एक सूर ठेवून तीन-तीन सुरांचा पलटा वाजवलात तर आवर्तन संपताना तुकडा मध्येच तुटतो, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हुकल्यासारखी वाटते, आणि २४ सूर झाले की तीन आवर्तनांनी सगळं पुन्हा एकत्र येतं. मेट्रोनोमच्या साध्या टकटकीवर हे कळणारच नाही, तिला सम नसते. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला सम पायात सापडते. ती गिटारवर आणा.

किती तास? तास नको. शिफ्टवरून आल्यावर २५ मिनिटं, पण रोज. पाच मिनिटं तंबोऱ्याबरोबर नुसते सूर म्हणून मग वाजवायचे, दहा मिनिटं एका पलट्याला, उरलेला वेळ चाल शोधायला. रात्रपाळी असेल तर पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेवून अंगठ्याने हलकं छेडा, भिंतीपलीकडचे झोपतील. कंटाळा आला त्या दिवशी पलटा सोडा, चाल सोडू नका. रविवारी दोन तास बसून आठवडाभर गिटार खोळीत ठेवणाऱ्यांचं बोट तयार होतं, कान नाही.

पुढच्या भजनाची तयारी अशी करा. पेटीची काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी मेजरच्या ओळखीच्या जागी वाजवा, आवाज काळी चारचा येईल. एवढं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर निम्मी धास्ती गेली असती. आत्याला आठवड्यातून एकदा एकच भजन म्हणायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. घरी ओळीचा शेवटचा सूर तेवढा शोधा. मग शेवटचे तीन-चार. भजनात गेल्यावर सगळी चाल वाजवायच्या भरीला पडू नका. तिची ओळ संपली की मागून तेवढंच शेपूट वाजवा. पेटीवाले काकासुद्धा बराच वेळ हेच करत असतात, बारकाईने ऐका. बाकी वेळ सा आणि प हलके छेडत राहिलात तरी साथ भरून येते.

आता दुखण्याचं. बोटांची टोकं दुखत असतील तर चालायचंच, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगट आणि सांधे दुखणं मात्र सहन करायचं नसतं. बहुतेक वेळा डावा अंगठा गिटारच्या मानेला चिमटा काढल्यासारखा दाबलेला असतो, आणि मनगट जास्त मोडलेलं. एक सूर धरा आणि दाब हळूहळू कमी करत जा. तार खरखरायला लागेल, त्याच्या किंचित आधी जेवढा दाब होता तेवढाच पुरे. तुम्ही त्याच्या दुप्पट देत असाल. करंगळीसाठी पाचव्या फ्रेटच्या आसपासच सराव करा. ६५ सेंटीमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटची जागा साडेतीन सेंटीमीटरच्या वर असते, पाचव्याची तीनच्या आत, म्हणून तिथे ताण कमी पडतो. गिटारही तपासा. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर तीन मिलिमीटरच्या फार वर असेल तर दुकानात नेऊन सेटअप करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात. निफाडकडची थंडी शहरात उतरली की लाकूड आटून फ्रेटची टोकं बोटाला लागायला लागतात. वर्षातून एकदा दाखवलेलं बरं. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा चार-पाच दिवस विश्रांती घेऊनही दुखणं जात नसेल, तर गिटार ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

इलेक्ट्रिक गिटार आत्ता घेऊ नका. तिच्या तारा पातळ, त्यामुळे ओढायला सोप्या, मनगटाला थोडा आराम पडेल हे खरं. पण ॲम्प्लिफायर, केबल, पेडल यांत पुढचे दोन पगार जातील, आणि कानाची अडचण घरातच राहील. त्यापेक्षा आहे त्या गिटारच्या तारा बदला. दीड वर्षं त्याच असतील तर त्यांचा सूर बसलेला असणार, बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेशी जुळतोय का बघा. दुकानात अकूस्टिकचा पातळ सेट मागा, पहिली तार ०.०१० इंचाची असलेला. बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्या ताणत राहतील, सारख्या उतरतील. दर वेळी ट्यूनर लावण्याआधी पाचवी तार कानाने जुळवून बघा आणि मग किती चुकलात ते ट्यूनरला विचारा.